नीरेचे पाणी आणि बदलते सल्ले

बारामती-इंदापूर भागातल्या मुलांना ‘चोपण’ हा शब्द शिकवावा लागत नाही. नीरा डाव्या कालव्याखालच्या कितीतरी गावांत असा एखादा तुकडा असतो, की जिथे उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी खपली येते, पावसाळ्यात पाणी साचून राहते आणि पेरलेले बी नीट उगवतच नाही. ‘तिथं मीठ फुटतं’ एवढे मुलांना माहीत असते. पण हे मीठ आले कुठून, असे विचारले की उत्तरे पांगतात. कोणी रासायनिक खतांना दोष देते, कोणी कालव्याला, तर कोणी बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला.

त्या पांढऱ्या खपलीमागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो रसायनशास्त्राचा इतिहास तर आहेच, पण सल्ल्यांचाही आहे. कालव्याचे पाणी कोणत्या पिकाला, कोणत्या जमिनीत, किती द्यावे याविषयी शेतकऱ्याला मिळणारा सरकारी सल्ला या काळात अनेकदा बदलला; काही वेळा तर पूर्ण उलटा झाला. सल्ला देणारे बहुतेक जण अभ्यासू होते. प्रत्येक सल्ल्यामागे काहीएक निरीक्षण, काहीएक हिशेब होता. तरीही ऐकणाऱ्याच्या मनात गोंधळ आणि पुढेपुढे अविश्वासच साठत गेला. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी तरुण मंडळी हल्ली अशीच तक्रार करतात: काल जी पद्धत उत्तम म्हणून शिकवली, तीच आज जुनाट म्हणून टाकून द्यायला सांगतात, मग आज सांगितलेल्यावर तरी भरवसा कसा ठेवायचा? त्यांचे नुकसान काही महिन्यांच्या कामाचे होते. शेतकऱ्याची जमीन जाते.

प्रथम मुलूख पाहू. नीरा नदी सह्याद्रीच्या कुशीत, भोरच्या डोंगराळ भागात उगम पावते. तिथे पाऊस उदंड. तेथून पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने कमी होतो. बारामतीला वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरी. नदी बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाऊन नरसिंहपूरला भीमेला मिळते. म्हणजे पाणी डोळ्यांसमोरून वाहते आणि रान मात्र कोरडे.

या भागातल्या शेतकऱ्याने कालव्याच्या आधीही सरकारी शास्त्राचा अनुभव घेतला होता. पेशवाई गेल्यानंतर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धांतावर सारा ठरवला. कागदावर हिशेब चोख होता, शेतात तो जमला नाही. सारा थकला, जमिनी ओस पडल्या. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी केली. मुंबई इलाख्याची प्रसिद्ध सर्व्हे पद्धत इथूनच सुरू झाली. सारा हलका केला आणि तीस वर्षे वाढवणार नाही असे ठरले. तीस वर्षे संपताच, १८६७ च्या फेरआकारणीत तो पुन्हा बराच वाढला. आठ वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी सावकारांविरुद्ध दंगा उसळला. त्याची कारणे अनेक होती, पण चौकशीत साऱ्याच्या वाढीचाही विषय निघालाच. कालव्याचे साहेब दुर्बीण आणि साखळी घेऊन आले, तेव्हा गावकऱ्यांच्या आठवणीत हे सगळे ताजे होते. या मंडळींना ‘अडाणी’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा भाग विसरू नये.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात नीरा कालव्याचे काम दुष्काळी काम म्हणून सुरू झाले. मजुरीसाठी आलेल्या दुष्काळग्रस्त माणसांच्या हातांनी पहिली माती हलली. वीर येथे नदीवर बंधारा घालून कालवा काढण्यात आला आणि १८८५ च्या सुमारास पाणी खेळू लागले. वरच्या बाजूला, तेव्हाच्या भोर संस्थानात, वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. पुढे त्याच ठिकाणी बरेच मोठे धरण बांधले गेले, ते १९२७-२८ मध्ये.

कालव्याचा मूळ हेतू स्पष्ट होता: दुष्काळापासून संरक्षण. पाणी थोडे थोडे, पुष्कळ शेतांना द्यायचे, ज्वारी-बाजरी वाचवायची आणि पुन्हा माणसे उपाशी मरू द्यायची नाहीत. हा पहिला सल्ला. तो नीतीने उत्तम, पण एका साध्या गोष्टीवर अडला. इथली खोल काळी जमीन ओल धरून ठेवते. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर रब्बीची शाळू बाहेरच्या पाण्याशिवायही पदरात पडते. ज्या वर्षी पाऊस बरा, त्या वर्षी कालव्याचे पाणी घेऊन पट्टी का भरायची? ज्या वर्षी पाऊस नाही, त्या वर्षी मात्र सगळ्यांना एकाच आठवड्यात पाणी हवे. आणि कालव्याची वाहण्याची क्षमता तर ठरलेली. छत्री पावसातच लागते, पण छत्रीच्या दुकानाचे भाडे बारा महिने द्यावे लागते. तसे कालव्याचे झाले. चांगल्या वर्षांत पाणी नदीतून वाया जाई आणि खात्याच्या हिशेबात तूट दिसे.

तूट भरून काढण्याचा मार्ग होता ऊस. उसाला बाराही महिने पाणी लागते, आणि आडसाली ऊस तर शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो. त्याची पाणीपट्टी मोठी आणि नियमित. सासवडकडची माळी कुटुंबे बागायतीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. ती कालव्याखाली येऊन खंडाने जमिनी घेऊ लागली, ऊस लावू लागली. पुंड्या ऊस, शेणखत, पेंड आणि हंगामात पेटलेली गुऱ्हाळे असा तो थाट होता. गुळाला पैसा मिळू लागला. खात्यानेही उसाला हात दिला. धान्यासाठी काढलेला कालवा असा काही वर्षांत उसाचा झाला.

इथे थोडे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पाणी विकणारे सरकार आणि पाणी कसे वापरावे हे सांगणारेही सरकारच. १८७९ च्या मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे कायद्याने कालव्याचा सगळा ताबा खात्याकडे होता. दुकानदारच जेव्हा वैद्य असतो, तेव्हा त्याचे औषध बरोबर असले तरी रोग्याच्या मनात शंका राहतेच. पुढच्या प्रत्येक सल्ल्यावर ही सावली पडलेली दिसते.

१८९९-१९०० च्या दुष्काळात या व्यवस्थेचे दोष उघडे पडले. कालव्याच्या मुखाजवळ पाणी मुबलक, शेपटाला थेंब नाही. ऊस जिथेतिथे विखुरलेला. एका शेताच्या उसासाठी लांबलचक चारी भरून वाहायची, आणि वाटेत निम्मेशिम्मे पाणी जिरून जायचे. तेव्हा पुण्याच्या पाटबंधारे विभागात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या काम करत होते. पुण्याच्याच विज्ञान महाविद्यालयात ते स्थापत्यशास्त्र शिकलेले. १९०१ ते १९०३ या काळात स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय सिंचन आयोग काम करत होता. त्या चर्चेतून विश्वेश्वरय्यांची ‘ब्लॉक’ पद्धत पुढे आली आणि ती नीरा कालव्यावर राबवायला घेतली.

कल्पना सोपी होती. विखुरलेल्या शेतांऐवजी प्रत्येक गावात योग्य जमिनीचा एक सलग तुकडा निवडायचा. त्या तुकड्याला काही वर्षांच्या कराराने हमखास पाणी द्यायचे. त्यातल्या एक तृतीयांश भागातच ऊस, बाकीच्या भागात हंगामी पिके, आणि दरवर्षी उसाची जागा फिरती ठेवायची. पाणी कमी गळते, अधिक गावांना मिळते, जमिनीला उसापासून विसावा मिळतो, आणि खात्याला पुढच्या वर्षांचा अंदाज बांधता येतो. अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर यात नाव ठेवायला जागा नाही. आमच्या मते आजही ही योजना पाणीवाटपाच्या विचारातला एक सुंदर नमुना आहे.

तरीही कालव्यावरच्या शेतकऱ्यांनी प्रथम तिला विरोध केला. त्यांच्या बाजूने पाहा. कालपर्यंत ऊस लावा म्हणणारे आज दोन तृतीयांश रानात लावू नका म्हणतात. ज्याने कर्ज काढून विखुरलेल्या रानात बागायत उभी केली, त्याची जमीन ब्लॉकबाहेर राहिली तर तो उघड्यावर. ब्लॉकची रेघ कुठून जाणार हे नकाशावर पेन्सिल धरणारा ठरवणार. शिवाय एका शेतकऱ्याचे दीड एकर रान ब्लॉकमध्ये असले, तर त्याचे तीन भाग करून पिके फिरवायची कशी, याचे उत्तर कागदावर जितके सोपे तितके बांधावर नव्हते. बैठका झाल्या, समजुती निघाल्या, आणि हळूहळू पद्धत रुजली. एकदा हमखास पाण्याची चव कळल्यावर शेतकऱ्यांना ब्लॉक आपलासा वाटू लागला. दख्खनच्या इतर कालव्यांवरही तो पसरला. ‘ब्लॉक’ हा शब्द पाटबंधाऱ्यांच्या कागदपत्रांत त्यानंतर शतकभर टिकला.

पण तोवर जमिनीखाली वेगळेच काही चालू होते.

पाट येण्यापूर्वी विहिरींचे पाणी खोल असे. कालवा वर्षानुवर्षे झिरपत राहिला, उसाला भरमसाट पाणी मिळत राहिले, आणि जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर वर येऊ लागली. ती पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरच्या आत आली की बारीक कणांच्या काळ्या मातीत केशाकर्षण काम करू लागते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी वर चढते, उन्हाने त्याची वाफ होते, आणि त्यात विरघळलेले क्षार मात्र वरच राहतात. हे क्षार मुख्यतः इथल्या काळ्या कातळाच्या झिजेतून मातीत पूर्वीपासून होते. ते खोल होते, म्हणून त्रास नव्हता. त्यात कालव्याच्या पाण्यातल्या क्षारांची भर. ही भर किती असेल याचा एक हिशेब मुलांकडून करून घेता येईल. समजा एका लिटर पाण्यात फक्त २०० मिलिग्रॅम क्षार आहेत. चवीला हे पाणी गोडच लागेल. उसाला एका लागणीत समजा २५०० मिलिमीटर पाणी दिले. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. तेव्हा पाणी झाले सुमारे १०,००० घनमीटर, आणि त्यातले क्षार भरले दोन हजार किलो. दोन टन! पाऊस आणि निचरा यांनी ते धुऊन नेले तर ठीक, नाहीतर ते त्याच एकरात राहणार.

शेतकऱ्यांच्या बोलण्यात खारवट आणि चोपण हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने येतात, पण शास्त्रज्ञ त्यांत फरक करतात. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त. मुळांना पाणी ओढून घेता येत नाही, पण चांगल्या पाण्याने क्षार धुऊन निघू शकतात. चोपण जमिनीत सोडियम चिकणमातीच्या कणांनाच चिकटून बसतो. मग ओली झाल्यावर ती माती फुगते, तिची छिद्रे बुजतात आणि पाणी खाली जाणेच थांबते. धुवायला जावे तर पाणी शिरत नाही. तिथे आधी जिप्सम घालून सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवावा लागतो, आणि नंतर निचरा.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली. हे मॅन म्हणजे पुढे पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची बारीक आर्थिक पाहणी करणारे तेच गृहस्थ. खेड्याकडे आकड्यांतून आणि तरीही आपुलकीने पाहणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक. कालव्याने जमीन बागायत केली आणि त्याच कालव्याने काही जमीन मारली, हे आता छापील स्वरूपात समोर आले.

यात एक टोचणारी गोष्ट आहे. उत्तरेत, यमुनेच्या आणि गंगेच्या कालव्यांवर, ‘रेह’ नावाने हाच रोग नीरा कालव्याला पाणी सुटण्याच्या कितीतरी आधी ओळखीचा झाला होता. १८७० च्या दशकात त्यावर सरकारी समितीही नेमली गेली होती. प्राचीन मेसोपोटेमियात शेतकरी गव्हाकडून जवाकडे वळले, त्यामागे जमिनीचे खारटणे असावे असे काही संशोधक मानतात. तेव्हा ‘कोणाला ठाऊक होते?’ असे म्हणण्याची सोय नाही. ठाऊक होते, पण निचऱ्याचा खर्च कालव्याच्या अंदाजपत्रकात मांडला असता तर तुटीतला कालवा आणखी तुटीत दिसला असता. हा आमचा तर्क आहे, पण त्या काळच्या खर्चाच्या काटकसरीकडे पाहता तो फार दूरचा वाटत नाही.

१९१६ मध्ये मुंबई सरकारने या प्रश्नांसाठी खास सिंचन विभाग उघडला. त्याचे काम सी. सी. इंग्लिस या अभियंत्याकडे आले. (आज खडकवासल्याला असलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र याच रोपट्याचा वृक्ष आहे.) इंग्लिस आणि त्यांचे सहकारी व्ही. के. गोखले यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींचा सखोल अभ्यास केला. त्यांचा एकत्रित अहवाल १९२८ चा. त्यांनी जमीन वरून न पाहता खालून पाहिली. भोके पाडून मातीचा थर किती, त्याखाली मुरूम आहे की घट्ट कातळ, पाणी किती खोलीवर लागते, हे तपासले. त्यातून दिसले की मुरमाच्या थरातून पाणी वाहू शकते; म्हणून निचऱ्याचा चर काळ्या मातीतच थांबला तर त्याचा उपयोग थोडा, तो मुरमापर्यंत पोचला तर मोठा.

आणि यातून निघालेला सल्ला शेतकऱ्याला डोक्यावर उभा करणारा होता. गावात ज्याची काळीभोर, पुरुषभर खोल जमीन, तो आजवर भाग्यवान. तिची किंमत जास्त, तिचा सारा जास्त, तिच्यावर कर्जही जास्त मिळे. पहिल्या उसाची लागण तिथेच झाली होती. आता शास्त्र सांगू लागले की सखल भागातल्या खोल काळ्या जमिनीत ऊस नको. मध्यम खोलीची, खाली चांगला मुरूम असलेली, उताराची जमीन उसाला घ्या. म्हणजे ज्याला आजवर हलके रान म्हणून हिणवले तेच चांगले ठरले. शिवाय निचऱ्याचा चर जायचा कोणाच्या रानातून? उघडा चर जमीन खातो. एकाने वाट अडवली की वरच्या दहा जणांचे पाणी तुंबते. आणि सर्वांत अन्यायाची बाब ही, की मीठ बहुधा फुटते ते सखलात. पाणी जास्त भरणारा असतो वरच्या अंगाला. ज्याचे रान गेले, त्याने सल्ला मोडला होता असे नाही. कित्येकदा त्याने तो पाळलाच होता.

असा शेतकरी नव्या सल्ल्याकडे कसा पाहील? त्याला दिसतात त्या तारखा: अमक्या साली ऊस लावा म्हणाले, तमक्या साली तिसऱ्या हिश्शातच म्हणाले, आता म्हणतात या रानात नकोच. प्रत्येक बदलामागचे कारण वेगळे होते, आणि नेमके तेच त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. ऊस लावा यामागे हिशेबातली तूट होती. तिसरा हिस्सा यामागे पाण्याची वाटणी होती. खोल जमिनीत नको यामागे भोके पाडून मिळालेले खरे नवे ज्ञान होते. पहिल्या बदलाला विज्ञान म्हणणे कठीण, तिसऱ्याला म्हटलेच पाहिजे. पण तिन्ही आदेश एकाच शिक्क्याच्या कागदावर, एकाच सुरात आले. मग तिसऱ्यावरही पहिल्याचाच संशय घेतला गेला, यात नवल ते काय? वर्गात ‘विज्ञान स्वतःला दुरुस्त करते’ असे आपण कौतुकाने सांगतो. ते खरेच आहे. पण दुरुस्तीचा खर्च कोण भरतो, हा प्रश्न त्या वाक्यात येत नाही. इथे तो शेतकऱ्याने भरला.

पुढचा बदल तर विज्ञानामुळे झालाच नाही. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला आणि भारतात साखर कारखाने काढणे एकदम फायद्याचे ठरले. मोठे धरण झाल्याने भाटघरला पाणीही होते. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर उभे राहिले. सलग मोठ्या क्षेत्रावर कारखान्याचा स्वतःचा ऊस डोलू लागला. ऊस कमी करा म्हणणारा आवाज एकदम बसला. त्याच वर्षी, १९३२ मध्ये, नीरेपलीकडे पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे पाणी मोजून, खत मोजून प्रयोग झाले. १९३८ मध्ये जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी नीरा उजवा आणि प्रवरा या कालव्यांखालच्या मातींचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले; मातीच्या थरांनुसार त्यांनी प्रकार पाडले. पुंड्या मागे पडला, जावा बेटावरचा ‘पीओजे २८७८’ आला, आणि मग कोइमतूरच्या ‘को ४१९’ ने कित्येक वर्षे राज्य केले. वाणांच्या बाबतीत मात्र शेतकऱ्यांनी सल्ला पटापट स्वीकारला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नवा वाण एका कोपऱ्यात लावून पाहता येतो, शेजाऱ्याचा पाहता येतो, जमला नाही तर पुढच्या लागणीला बदलता येतो. ब्लॉकची रेघ किंवा निचऱ्याचा चर असा चाखून पाहता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० आणि १९६० च्या दशकांत माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने उभे राहिले. आता ऊस हा साहेबाचा सल्ला राहिला नाही. सभासदाचा शेअर, मुलाची शाळा, मुलीचे लग्न त्यात गुंतले. त्यामुळे यानंतर ऊस कमी करा असे कोणी म्हटले, तर ते पिकाविषयीचे मत न राहता पोटावर पाय वाटू लागले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांचा सहभाग असलेल्या समितीने आठमाही पाण्याचा विचार मांडला: खरीप आणि रब्बीला पाणी द्यावे, उन्हाळ्यात कालव्यातून उसाला देऊ नये, म्हणजे तेवढ्याच पाण्यात कितीतरी अधिक शेतकऱ्यांना वाटा मिळेल. १९८७ मध्ये सरकारने हे धोरण म्हणून स्वीकारले. जरा निरखून पाहिले तर हा १८८५ चाच विचार, शंभर वर्षांनी परत आलेला. पण दरम्यान कालव्याकाठी साखरेची धुराडी उभी राहिली होती. जुन्या कालव्यांवरचा ऊस हटला नाही. उन्हाळ्यात विहिरी आणि बोअर यांवर तो जगवला जाऊ लागला, आणि त्या विहिरींना पाझर बहुतांशी कालव्याचाच.

अगदी अलीकडचा सल्ला ठिबकचा. २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक बंधनकारक करण्याचा निर्णय जाहीर केला. ठिबकने पाणी वाचते, आणि जास्त पाण्याने जमीन बिघडण्याचा धोकाही कमी होतो, यात शंका नाही. मात्र त्याची एक तळटीप आहे. ठिबकखाली मुळांभोवती ओलीचा एक गोळा तयार होतो आणि क्षार त्या गोळ्याच्या कडेला ढकलले जाऊन तिथे साठतात. पावसाने ते धुऊन गेले तर बरे. कमी पावसाच्या मुलखात, क्षारयुक्त बोअरच्या पाण्यावर ठिबक चालवले, तर अधूनमधून जादा पाणी देऊन ते खाली ढकलावे लागतात. ‘पाणी कमी द्या’ आणि ‘मधूनच जास्त द्या’ ही दोन्ही वाक्ये एकाच सल्ल्याची आहेत. पहिले वाक्य फलकावर येते, दुसरे बहुधा येत नाही. उद्या एखाद्याच्या रानात ठिबकच्या ओळींमध्ये पांढरे पट्टे उमटले, तर तो काय म्हणेल याचा अंदाज करायला फार बुद्धी लागत नाही.

बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था काम करते. दुष्काळ, उष्णता, क्षार असे जे ताण कीड-रोगांमुळे येत नाहीत, त्यांचा अभ्यास हा तिचा विषय. कालव्याखालच्या मुलखाला तो अगदी घरचा आहे.

शाळेत करण्याजोगे दोन उद्योग सुचवतो. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. एकाच्या तळाला खिळ्याने दहा-बारा भोके पाडा, दुसरा तसाच ठेवा. दोन्हींत गावातलीच काळी माती भरा. एका लिटर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून तेच पाणी दोन्ही डब्यांना रोज सारख्या मापाने, पण भोकांच्या डब्यातून थोडे खाली गळेल इतके घाला. डबे उन्हात ठेवा. दोन आठवड्यांनी पाणी थांबवा, माती वाळू द्या, आणि कोणत्या डब्यात खपली जास्त आली ते पाहा. मग दोन्हींत मेथीचे दहा-दहा दाणे पेरा, साधे पाणी द्या आणि उगवण मोजा. भोकांच्या डब्यातून गळलेले पाणी ताटलीत वाळवून तिथे काय उरते तेही बघावे.

दुसरा उद्योग गावाच्या नकाशाचा. कालवा, चाऱ्या, ओढे, निचऱ्याचे जुने चर आणि चोपण तुकडे मुलांनी स्वतः फिरून नकाशावर दाखवावेत, आणि प्रत्येक तुकड्याविषयी म्हाताऱ्या माणसांना विचारावे: हे रान कोणत्या साली बिघडले, त्याआधी त्यात काय पिकत होते, ते पीक घ्यायला कोणी सांगितले होते? बुजलेले चर सापडले तर त्यांची जागा आवर्जून नोंदवावी. ते कोणी, केव्हा आणि का बुजवले, हे सांगणारे लोक काही गावांत अजून भेटतील.